मृत्युलेखाची तपासणी

४ जानेवारी

चि. पंतोजी यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. फोन केला नाही, कारण तीस वर्षं लिफ्टच्या मशीनरूममध्ये काढल्यावर माझ्या कानांना फोनवरचं फक्त "हॅलो" कळतं. पुढचं सगळं मोटर फिरल्यासारखं ऐकू येतं.

काम असं आहे. आपल्या घराण्यात कुणी गेलं की साप्ताहिकात लेख तू लिहितोस. गेल्या वीस वर्षांत नऊ माणसं तू पोचवलीस, एकालाही सोडलं नाहीस. शाळेत भाषा शिकवतोस, शब्दांची तुला ददात नाही, हे मान्य. पण तुझे लेख मी वाचलेत. तुझी काकू गेली तेव्हा तू तिला सुगरण करून टाकलंस. अरे, बत्तीस वर्षं मी जेवलोय तिच्या हातचं! मीठ एक तर दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. बाई लाख होती. हसायला लागली की समोरच्या घरातली माणसं खिडकीत यायची. ते हसणं तुझ्या लेखात कुठे आहे? शोधून दमलो.

तेव्हा माझ्या लेखाची तपासणी मी स्वतः करणार. लिफ्ट माणसं चढायच्या आधी तपासतात, नंतर नाही. मला एकाहत्तरावं चालू आहे. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी छातीला यंत्र लावलं आणि नंतर बराच वेळ माझ्याकडे न बघता कागदाकडे बघत बसले. मी निरीक्षक होतो बाबा. त्या बघण्याचा अर्थ मला शिकवायला नको.

मसुदा लिहून पाठव. खाडाखोड करून परत करीन. आणि घरात कुणाकडे बोलू नकोस. सगळे माझ्या काळजीनं येऊन बसतील आणि त्यांचा चहा मला करावा लागेल.

तुझा काका
(अद्याप चालू स्थितीत)


११ जानेवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

हे काय भलतंच! तुम्ही शंभरी गाठणार आणि माझाच लेख लिहायची पाळी तुमच्यावर येणार. तरीही तुमची आज्ञा, म्हणून रविवारी दुपारी बसलो. स्वतःच्या तोंडानं सांगायला संकोच वाटतो, पण लेख फार सुरेख उतरला आहे. लिहिताना मला दोनदा भरून आलं. हिनं विचारलं, काय झालं, तर सांगितलं की डोळ्यांत काहीतरी गेलं. दोन्ही डोळ्यांत? असं विचारून ती निघून गेली.

मुख्य भाग खाली उतरवतो:

"दिनांक ........ रोजी आमच्या कुटुंबाचा वटवृक्ष उन्मळून पडला. आदर्श पती, प्रेमळ पिता, आणि साऱ्या पुतण्या-भाच्यांचा आधार! लिफ्ट निरीक्षक म्हणून तीस वर्षांच्या निष्कलंक सेवेत त्यांच्या हातून एकही चूक झाली नाही. दोष दिसताच त्यांनी स्वतःच्या लेकीच्या इमारतीतल्या लिफ्टलाही सील ठोकलं. लेकीची वृद्ध सासू चार महिने पाचव्या मजल्यावर अडकून पडली, पण काका डगमगले नाहीत. नातं की कर्तव्य, या प्रश्नाला त्यांनी कर्तव्य हेच उत्तर दिलं."

हा सीलचा प्रसंग लेखाचा कळस आहे. त्यावरून ताईनं तुमच्याशी अकरा वर्षं बोलणं टाकलं आहे, ते अर्थातच गाळलंय. घरातलं घरात राहिलेलं बरं.

तुमचा
पंतोजी


१७ जानेवारी

चि. पंतोजी,

तपासणी केली. चालू करण्यायोग्य नाही.

वटवृक्ष काढ. माझी उंची पाच फूट चार इंच. "आदर्श पती" काढ, ती वर गेल्यावर पुरावा मागेल. "आधार" राहू दे. तुला गणितात मी पास करवलंय, तेवढं तू म्हणू शकतोस.

"एकही चूक झाली नाही" हे वाक्य काढ. कारण विचारू नकोस. काढ म्हटलं की काढ.

सीलचा प्रसंगही काढ, किंवा लेकीला विचारून लिही. म्हणजे तेच कर. तिला पत्र टाक आणि विचार, बापाबद्दल तुला काय लिहावंसं वाटतं. जे म्हणेल ते जसंच्या तसं छाप. शिव्या दिल्या तरी छाप. तिचं उत्तर आलं की आधी मला पाठव. मी स्वतः तिला अकरा वर्षांत सतरा पत्रं लिहिली. हवापाण्यानं सुरुवात करतो आणि मुद्द्यावर येईपर्यंत कागद संपतो. सतराही टेबलाच्या खणात पडून आहेत.

खरं सांगू? बाकीचा लेख झाला काय, न झाला काय. जायच्या आधी तिच्या चार ओळी मला वाचायला मिळाव्यात, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. ती माझ्याशी बोलणार नाही. मेलेल्या माणसावरच्या लेखासाठी कदाचित बोलेल.

काका


२ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

दुसरा मसुदा सोबत. वटवृक्ष काढून "सावली देणारं झाड" केलं, आता उंचीचा प्रश्न येणार नाही.

"एकही चूक नाही" हे वाक्य मात्र काढलं नाही. तुमचा विनय मला समजतो. म्हणून पुढे जोड दिली आहे: "परंतु हे ते स्वतः नम्रपणे कधीच मान्य करत नसत." आता वाक्य खरंही झालं आणि तुमचा मानही राहिला. साप्ताहिकाच्या संपादकांना हीच ओळ सर्वांत आवडली.

ताईला उद्या लिहितो. तिला कसं लिहायचं ते माझ्यावर सोपवा. अशा नाजूक गोष्टी शब्दांत कशा मांडाव्यात, हे मी तीस मुलांच्या वर्गाला रोज शिकवतो.

तुमचा
पंतोजी


३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

इतक्या वर्षांत पत्र नाही, आणि आज लिहितोय तेही अशा कारणानं. काय लिहू? शब्द अपुरे पडतात.

सोबत काकांवरचा लेख जोडला आहे. वाचलास की सगळं कळेलच. संपादकांनी पहिल्या पानावर जागा द्यायचं कबूल केलंय. तू आली नाहीस म्हणून इथे कुणी तुला नावं ठेवत नाही, निदान माझ्यासमोर तरी. काकांचा जीव तुझ्यातच होता, हे मी छातीठोकपणे सांगतो. लेखात तुझ्या चार ओळी असाव्यात ही त्यांचीच इच्छा. मन मोकळं करून लिही.

जरा घाई कर. लेख अडकून राहायला नको.

तुझा भाऊ
पंतोजी

ता. क. दिनांकाची जागा मोकळी आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. ती मी मागाहून भरीन.


१२ फेब्रुवारी

पंतोजी,

लेखाबरोबर वडील गेल्याची बातमी पाठवतात, हे मला ठाऊक नव्हतं. कधी गेले, कशानं गेले, एक ओळ नाही. दिनांकाची जागा मोकळी! तुला तो लक्षात ठेवावासाही वाटला नाही? मी त्यांच्याशी बोलत नव्हते, म्हणून मला त्यांचा चेहरा शेवटचा बघू द्यायचा नाही, असं कुणी ठरवलं? सगळे मिळून ठरवलंत की तू एकट्यानं?

चार दिवस रजा काढली. ऑफिसातल्या बायका येऊन बसून गेल्या. त्यांना वाटतं मी फार धीराची आहे. मला रडू येत होतं ते तू सीलचा प्रसंग कर्तव्य म्हणून काय रंगवलायस त्या रागानं की बाबांसाठी, हे मलाच कळत नव्हतं. पाचव्या दिवशी कळलं. बाबांसाठीच.

तुझ्या लेखातला हा माणूस कोण आहे रे? मी याला ओळखत नाही. माझे बाबा सांगते. लहानपणी कुणाकडे गेलो की ते मला लिफ्टमध्ये आधी चढू द्यायचे नाहीत. मला खाली उभी करून एकटे वर जायचे, पुन्हा खाली यायचे, दार उघडून म्हणायचे, "चल, ठीक आहे." मला वाटायचं सगळ्यांचेच वडील असं करतात. लग्नानंतर पहिल्यांदा लिफ्टशी गेलो तर नवरा सरळ आत शिरला आणि मी आपली बाहेर उभी. तो म्हणाला, "येतेस ना?" मी म्हटलं, "तू आधी जाऊन ये." अजून हसतो त्यावरून. हे लिही. सावली देणारं झाड कसलं लिहितोस!

आणि "एकही चूक झाली नाही" हे लिहू नकोस, कारण झाली. आमच्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत, एक पुढच्या जिन्याची, एक मागच्या. वर एकीकडून दुसरीकडे जायला वाट नाही, खाली उतरूनच जावं लागतं. बाबांनी दोन्ही एकाच दिवशी तपासल्या. दोर झिजला होता मागच्या लिफ्टचा. कागदावर मापं उलटी पडली आणि सील लागलं पुढच्या लिफ्टला, जिचा दोर ठणठणीत होता. नवा दोर यायला चार महिने गेले. सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले. चार महिने त्या खिडकीत बसून होत्या, खालून जाणाऱ्या माणसांची डोकी मोजत. आणि तितके दिवस मागच्या जिन्यातली माणसं झिजलेल्या दोरावर वर-खाली करत होती. काही झालं नाही हे नशीब.

दोर बदलला त्या दिवशी बाबा आले होते. उतरवलेला दोर त्यांनी मोजला. परत मोजला. मग मेकॅनिकला "झालं तुमचं?" म्हणाले आणि हात पुसून वर आमच्याकडे आले. आठवड्यानं मागची लिफ्ट "नेहमीची तपासणी" म्हणून बंद करवली. पण दोर बदलला त्याच दिवशी, बाबा गेल्यावर, मेकॅनिकनंच मला सांगितलं होतं, "बाई, हा दोर अजून दहा वर्षं गेला असता."

चूक झाली याचा राग नव्हता मला. माणूस आहे, होते चूक. पण त्या चार महिन्यांत सासूबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या, "माझ्या व्याह्यांनी माझा जीव वाचवला. नात्याची भीड धरली नाही." त्या दिवशी बाबा वर आले तेव्हा त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरून आभार मानले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आणि माझे बाबा म्हणाले, "अहो, कामच आहे ते माझं." मी ट्रे घेऊन दारात उभी होते. तेव्हा मला वाटलं, बाबांना अजून कळलं नसेल. संध्याकाळी मेकॅनिक भेटला आणि कळलं की हात धरू देताना त्यांना सगळं माहीत होतं. लिफ्ट चालू झाल्यावर सासूबाई एकदाच खाली उतरल्या, दवाखान्यात जायला. परत आल्या नाहीत. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, व्याही म्हणजे देवमाणूस.

मी वाट बघत होते की बाबा कधीतरी येऊन सांगतील. अकरा वर्षं बघितली. त्यांनी सांगितलं असतं ना, तर मी भांडले असते, दार आपटलं असतं, आणि मग जेवायला वाढलं असतं. आता कुणाशी भांडू? मला बाबा हवे होते रे. निष्कलंक नको होते.

हे छाप. हिंमत नसेल तर काहीच छापू नकोस.

ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईस,

काका जिवंत आहेत.

तुझं पत्र वाचून माझी पाचावर धारण बसली. लेख त्यांनीच आगाऊ लिहून घेतला, त्यांना तपासायचा होता. हे तुला सांगायचं राहिलं. म्हणजे मला वाटलं, ते उघडच आहे. आता माझं पत्र पुन्हा वाचून बघतो तर, ते कुठेच उघड नाही.

प्रकृती तशी ठीक. डॉक्टर हृदय थकलंय म्हणतात, पण परवाच स्टुलावर चढून त्यांनी स्वयंपाकघरातला बल्ब बदलला असं शेजारी सांगत होते. तेव्हा रडणं थांबव.

आणखी एक. तुझं पत्र वाचून मी इतका हेलावलो की पुढचा-मागचा विचार न करता ते तसंच काकांना पाठवून दिलं. तुझं उत्तर आधी त्यांच्याकडे पाठवायची त्यांचीच आज्ञा होती. काल पोस्टात टाकलं. टाकल्यावर पेटीसमोर थोडा वेळ उभा होतो.

क्षमाप्रार्थी
पंतोजी


२० फेब्रुवारी

गाढवा,

बारा दिवस मी बाप गेला म्हणून रडले. आता ऑफिसातल्या बायकांना काय सांगू? बरे झाले म्हणून सांगू?

तुझं पत्र जिन्यात उघडलं. ते जिवंत आहेत हे वाचून तिथेच पायरीवर बसले आणि परत रडले. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अगं, जाणारा माणूस जातो."

ते पत्र मी मेलेल्या माणसासाठी लिहिलं होतं. जिवंत माणसाला मी तसं कधीच लिहिलं नसतं. आणि तू ते त्यांच्याच हातात दिलंस! यापुढे माझ्यावर लेख लिहायची वेळ आली तर कृपा करून तू लिहू नकोस.

त्यांनी ते वाचलं का? वाचून काय म्हणाले? लगेच कळव.

ताई


२५ फेब्रुवारी

चि. चिमे,
अनेक आशीर्वाद.

मी आहे. पंतोजीनं मला जरा घाईनं मारलं. त्याच्या वतीनं मीच माफी मागतो, त्याचं पत्र येईल ते फार लांबलचक असेल.

तुझं पत्र सहा वेळा वाचलं. हवापाण्याचं आज काही लिहीत नाही.

मापं उलटी मीच लिहिली. मागचा दोर आधी मोजला, पुढचा नंतर, आणि छापील कागदावर पुढच्याचा रकाना आधी होता. डोक्यात एक क्रम, कागदावर दुसरा. नव्या भरती झालेल्यानं असं केलं असतं तर मी त्याला सगळ्यांसमोर झाडलं असतं. उतरवलेला दोर हातात घेतला तेव्हाच बोटांना कळलं. मोजला तो उगाच, आकडा बदलेल म्हणून.

त्या दिवशी माझ्या निवृत्तीला पाच आठवडे उरले होते. निरोपाचं भाषण साहेबांनी लिहून मला आधीच दाखवलं होतं. "तीस वर्षांत एकही चूक नाही." मला ते फार आवडलं होतं, चिमे. खोटं कशाला बोलू? त्या एका ओळीसाठी मी तोंड शिवून घेतलं. ती ओळ वाचली तेव्हा सभागृहात टाळ्या झाल्या आणि मला मागच्या जिन्यातली वीस घरं दिसत होती.

विहीणबाईंनी हात धरले तेव्हा तू दारात होतीस, हे मला माहीत होतं. म्हणून तर तुझ्याकडे बघितलं नाही. पण मेकॅनिकनं तुला सांगितलंय, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं, सासूला चार महिने कोंडून ठेवलं म्हणून तू रागावलीस, कर्तव्याचा राग धरलास. तसं समजणं मला सोयीचं होतं. कर्तव्यापायी लेक दुरावलेला बाप म्हणून मी अकरा वर्षं मिरवलो. लोक हळहळायचे आणि मी मान खाली घालून ते घ्यायचो.

माफ कर असं लिहिणार होतो. पण तो हक्क विहीणबाईंचा होता, आणि त्यांना मी फसवलंय. तेव्हा तू सांग काय करू. म्हणशील ते करीन.

तुझा बाप


६ मार्च

बाबा,

पत्र मिळालं.

मला सांगून झालं, पण मला ते आधीच माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. सासूबाई नाहीत, पण मागच्या जिन्यातली वीसपैकी चौदा घरं अजून तीच आहेत. २३ तारखेला रविवारी दुपारी चार वाजता इमारतीची वार्षिक सभा आहे, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. या आणि सगळ्यांसमोर सांगा.

मला भेटायला म्हणून येऊ नका. सांगायला या.

चिमी

हृदयाचं पंतोजीनं कळवलं. गोळ्या पिशवीत नको, खिशात ठेवा. स्टुलावर चढणं बंद करा.


१४ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

ताईनं मला सभेचं कळवलं. माझं ऐका, जाऊ नका. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट, कुणाचा केस वाकडा झाला नाही, आणि तुम्ही भर सभेत उभे राहून स्वतःची अब्रू स्वतःच्या हातानं वेशीवर टांगणार? त्यात कुणी वकील-बिकील निघाला म्हणजे? तुमची प्रकृती ही अशी. ताईची समजूत मी घालतो.

लेखाचाही विचार करा. मी "निष्कलंक" काढून "बहुतांशी निष्कलंक" करून बघितलं, ते बरं दिसत नाही. संपादक भेटतात तेव्हा विचारतात, तारीख कधी कळेल? मी त्यांना काय सांगू?

तुमचा
पंतोजी


२७ मार्च

चि. पंतोजी यास,
अनेक आशीर्वाद.

संपादकांना सांग, तारीख लांबली. लेख फाडून टाक.

सभेला गेलो. हॉलमध्ये सत्तर-ऐंशी माणसं. आधी पाण्याची टाकी झाली, मग गाड्या कुठे लावायच्या यावर पाऊण तास भांडण. मग अध्यक्ष म्हणाले, ऐनवेळचे विषय. मी उठलो. आवाज मोठा लागला. बहिऱ्या माणसाचा लागतोच. सगळं सांगितलं. दोर, उलटी मापं, सील, चार महिने. विहीणबाईंनी आभार मानले ते मी घेतले, हेही सांगितलं. शेवटी म्हटलं, "मागच्या जिन्यातल्या लोकांनो, तुमची मुलं त्या लिफ्टनं शाळेत जात होती. मला कळलं त्यानंतरही मी एक आठवडा लावला, कारण माझं नाव जपायचं होतं."

मागच्या जिन्यातले एक गृहस्थ उठले. वकीलच निघाले. म्हटलं, आता आपलं काही खरं नाही. ते म्हणाले, "आजच्या काळात असा प्रामाणिक माणूस बघायला मिळणं हे आपलं भाग्य आहे." आणि टाळ्या!

मी हात हलवून नाही नाही म्हणतोय, तर आणखी टाळ्या. एक बाई म्हणाल्या, किती साधेपणा! अध्यक्षांनी सचिवांसाठी आणलेला पुष्पगुच्छ मला दिला. एकानं नातवाला माझ्या शेजारी उभं करून फोटो काढला. मी ओरडून सांगतोय, "अहो, तुम्ही पडला असता!" तर तो म्हणतो, "काका, आता कोण असं कबूल करतं?" तुझ्या लेखांचे झाडून सगळे वाचक तिथे जमले होते, पंतोजी. मी चूक सांगायला गेलो आणि निष्कलंक होऊन बाहेर पडलो.

एकच माणूस टाळ्या वाजवत नव्हतं. तिसऱ्या रांगेत, भिंतीकडेला. हात मांडीवर, आणि माझ्याकडे सरळ बघत होती. सगळा वेळ. मी जे बोललो ते त्या अख्ख्या हॉलमध्ये तिनं एकटीनं ऐकलं. मला इतकं बरं वाटलं की खुर्चीवर बसून रडलो, आणि त्यालाही लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर ती मला घेऊन वर आली. लिफ्टशी मी सवयीनं म्हटलं, "थांब, मी आधी जाऊन येतो." ती म्हणाली, "गप्प चढा." घरात शिरल्याबरोबर पुष्पगुच्छ तिनं कचऱ्याच्या डब्यात घातला. मग भांडली. अकरा वर्षांचं सगळं काढलं, तारीखवार. माझ्या बहिऱ्या कानांनासुद्धा शब्द न् शब्द ऐकू आला. शेजारच्यांनाही आला असणार. जावई बिचारा बाहेर फिरायला निघून गेला. शेवटी दार आपटलं आणि पाच मिनिटांनी आतून विचारलं, "जेवणार आहात ना?"

माफ केलेलं नाही. तसं कुणाला सांगत फिरू नकोस, आणि लिहू तर नकोसच. बोलता बोलता मध्येच उठून सासूच्या खिडकीशी जाऊन उभी राहते. मी मागे जात नाही. आज सकाळी तिनं विचारलं, "परत कधी जायचं म्हणताय?" मी म्हटलं, "तुझा राग संपला की." ती म्हणाली, "मग बरेच दिवस लागतील."

माझे गरम कपडे पाठवून दे.

काका